जवारी

सात मिनिटांची फिल्म.
चाळकेवाडीचा सडा, सप्टेंबरची अखेर,
सकाळी सहा चाळीस ते आठ दहा.
निवेदन नाही, माणूस नाही,
नुसता भूभाग आणि वर बासरी,
असं कागदावर ठरलेलं.

पवनचक्क्या टाळता टाळता मान अवघडली.
कॅमेरा जरा डावीकडे गेला की एखादं पातं
ढगातून खाली यायचं,
कुणी झोपेत अंगावर हात टाकावा तसं.
मी फ्रेम कापत गेले.
एवढा मैलभर सडा आकसत आकसत
शेवटी उशीच्या अभ्र्याएवढा उरला,
सोनकीच्या फुलांचा.

तेवढ्यात चार म्हशी आणि त्यांच्यामागे
डोक्यावर इरलं घेतलेली एक बाई.
(ठकूबाई. नाव नंतर चहावाल्यानं सांगितलं.)
म्हणाली, कशाचं काढताय?
म्हटलं, निसर्गाचं.
“मग सरकते की मी.”
आणि खरंच सरकली.
म्हशींनाही घेऊन सरकली.

साताऱ्यात, मंगळवार पेठेतल्या खोलीत,
पंखा बंद करून बासरी लावली.
बसली.
फारच बसली,
रात्रभर जागल्यावर घसा बसतो तशी.
गवतावर नुसता पाक.
एकही फूल जागचं हललं नाही.
केदार पुण्याहून म्हणाला, छान आहे, पाठव.
मी नाही पाठवली.

मिरजेला गेले, तंबोऱ्याचे सूर घ्यायला.
दस्तगीर शिकलगारांच्या दुकानात
आढ्याला भोपळे टांगलेले,
खाली लाखेचा वास, पॉलिशचे डाग पडलेला रेडिओ.
ते घोडीवर वाकले होते.
तार छेडली. टण् म्हणाली आणि मेली.
मग तारेखाली सुताचा दोरा घातला,
नखानं सरकवला, केसभर,
पुन्हा केसभर मागे,
आणि तार उघडली.
एकाच सुरातून किती सूर निघाले
ते मला मोजता आलं नाही,
त्यांनी मोजायचा प्रयत्नही केला नाही,
चष्मा पुसत बसले.

लॅपटॉपवर फिल्म दाखवली, आवाज बंद ठेवून.
बराच वेळ पाहून म्हणाले,
“हे खालून पोकळ आहे का?”
जांभा आहे, मी म्हटलं. चालताना पाय वाजतात.
“मग भोपळाच की.”
आणि तासाचे सहाशे सांगितले. मी दिले.

परतीच्या गाडीत, किर्लोस्करवाडीच्या पुढे कुठेतरी,
कानात हेडफोन घालून सगळा कच्चा माल ऐकत होते.
सत्तेचाळीस नंबरची फाइल.
रेकॉर्डर बंद करायचा राहिला होता.
पात्याची हवा, दर तीन सेकंदांनी.
एक घंटा, बहुतेक फुटकी.
खुरांखाली वाजणारा सडा.
आणि लांबून, म्हशीला सांगितल्यासारखं:
“चल गं बया, आपण न्हाई त्यात.”

ते मी तंबोऱ्याखाली सरकवलं.
दोन फ्रेम पुढे.
एक मागे.
शब्द कळू नयेत एवढं खाली,
पण काढलं तर चुकल्यासारखं वाटावं, एवढं वर.
बासरी पुसून टाकली.
पहाटे साडेतीनला कधीतरी
सडा उघडला.

केदारचा फोन.
“सुरांच्या मागे काहीतरी घरघर येतेय.”
म्हटलं, जवारी आहे ती.
“काढता येईल?”
मी खिडकीबाहेर बघितलं. अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर
लाल डोळा मिचकावत होता.
येईल, म्हटलं. पण नाही काढणार.
तो काय म्हणाला ते इथे लिहित नाही.
पैशांचं अजून ठरायचंय.

शेवटचा शॉट मात्र आहे तसाच ठेवलाय, एक मिनिट अकरा सेकंद.
डाव्या कोपऱ्यात गवत दबलेलं आहे,
चार म्हशी आणि एक बाई
नुकत्याच सरकल्यात तिथून.
आता ते उठतंय,
एकेक पातं,
कुणी बघत नसल्यासारखं.